रेडिओमुळे तुमच्या घरात नेमकं काय बदललं?

सिन्नरची लेक | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आईचा रेडिओ बंद पडला. चामड्याच्या कव्हरातला, दोन बँडचा, चार मोठ्या सेलवर चालणारा. नवा घेऊन देते म्हटलं तर ऐकायलाच तयार नाही. "मला ह्योच पायजे, दुसरा आणशील तर तुझ्या घरी ठेव," म्हणाली. त्या दिवसापासून घर मुकं झाल्यासारखं वाटतंय, म्हणून हा धागा काढतेय.

आई विडी कामगार होती. आमच्या आळीत घरटी एक तरी बाई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली पानं, हाताशी पत्र्याचा फर्मा, कात्री, दोरा. हजार विड्यांवर मजुरी. त्यातल्याही काही कारखान्यात चेकर बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. या कामात हातही अडकतात आणि डोळेही. कान तेवढे रिकामे. १९७८ साली वडिलांनी हा रेडिओ आणला.

आईला घड्याळ वाचता येत नव्हतं. भिंतीवर होतं, पण ते वडिलांसाठी. तिचं घड्याळ म्हणजे मुंबई आणि पुणे केंद्र. मंगल प्रभात लागलं की चूल, सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की आम्हाला अंथरुणातून ओढायचं, दुपारी वनिता मंडळापर्यंत पहिल्या पाचशे विड्या झाल्याच पाहिजेत, आणि संध्याकाळी 'कामगार सभा' हा कार्यक्रम सुरू झाला की सूप बाजूला. 'पुन्हा प्रपंच' या रेडिओवरच्या कौटुंबिक श्रुतिकेतले टेकाडेभावजी, पंत आणि मीनावहिनी आमच्या घरी नातेवाईकांसारखे होते. मीनावहिनी काय म्हणाल्या ते आई दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायची.

पण मला लिहायचंय ते दोन गोष्टींबद्दल.

माझी पाठची बहीण दीड वर्षाची असताना तिला जुलाब लागले. आजीने रिवाजाप्रमाणे पाणी तोडायला सांगितलं. पोटात पाणी गेलं की हगवण वाढते, अशी तेव्हा समजूत. आईने रेडिओवर बरोबर उलटं ऐकलं होतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईने आयुष्यात पहिल्यांदा सासूचं ऐकलं नाही. रात्रभर वाटी-चमचा घेऊन बसली. पहाटे बहिणीने लघवी केली तेव्हा आई रडली, हे मला आठवतं, कारण ती का रडतेय ते मला कळलं नव्हतं. जलसंजीवनी हा शब्द मला पुढे शाळेच्या पुस्तकात भेटला. आईला तो आधीच पाठ होता.

दुसरी गोष्ट. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ सालचा. त्यात ओळखपत्र मिळतं आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे आईला कोणी सांगितलं नाही. तिने ते कामगार सभेत ऐकलं. ज्याच्याकडे विड्या द्यायची त्याला विचारलं तर त्याने "असं काही नसतं" म्हणून उडवून लावलं. आई तीन महिने दर आठवड्याला तोच प्रश्न घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "रेडिओवर सांगितलंय," एवढं एकच वाक्य. ओळखपत्र झालं. आठवीपासून मला शिष्यवृत्ती मिळाली. आज मी शिक्षिका आहे.

तर सांगा, तुमच्याकडे काय बदललं? गाण्यांच्या आठवणी तर हव्यातच, पण त्यापलीकडचंही लिहा. आणि असले जुने सेट दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा.

मोगरा | सोमवार, रात्री १०.०५

ताई, वाटी-चमच्याचं वाचून अंगावर काटा आला. आईंना नमस्कार सांगा.

दारणाकाठ | सोमवार, रात्री ११.२०

आमच्या घरात रेडिओ नंतर आला, गावात आधी आला होता.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, दीडशे गावं. प्रत्येक गावात एक श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. ऐकायचं, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि जमेल ते करून बघायचं. शेती, आरोग्य, पंचायत, सहकार असे विषय. आमचं गाव त्या दीडशेत होतं. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले, म्हणून मंडळाची वही त्यांच्याकडे.

ती वही वडिलांनी जपून ठेवली होती. दर कार्यक्रमाखाली कोण काय बोललं ते लिहिलेलं. पहिल्या दोन-तीन बैठकांत फक्त पाटील आणि कुलकर्णी यांचीच नावं. पाचव्या-सहाव्या बैठकीपासून इतर नावं यायला लागतात. कुणीतरी विचारलंय, खत एकदम टाकायचं की दोनदा? कुणी विचारलंय, विहिरीत पावडर टाकली तर पाण्याची चव जाते का? हे प्रश्न पत्राने पुण्याला जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची.

आजोबा सांगायचे, ज्या दिवशी आपल्या गावाचं नाव रेडिओतून आलं त्या दिवशी चावडीवरची माणसं उभी राहिली. प्रश्न विचारणारा माळी होता. त्याआधी चावडीवर तो कधी ओट्याच्या वर बसला नव्हता. त्या संध्याकाळी त्याला वर बसवलं.

१९५९ पासून ही श्रोता मंडळं देशभर सुरू झाली. पुढे तंजावरकडे एका सुधारित भाताच्या वाणाला शेतकरी 'रेडिओ भात'च म्हणायला लागले, इतका तो आकाशवाणीवरून पसरला. त्या सगळ्याची सुरुवात आपल्याकडच्या चावड्यांवर झाली, आणि ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७.५०

सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण एक बाजू राहतेय.

ज्या रेडिओबद्दल आपण बोलतोय तो सरकारचा रेडिओ होता. १९५२ मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आपलेच मराठी गृहस्थ. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते म्हणून त्यांनी ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं. लोक रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला अख्खा देश परदेशी केंद्र लावून बसू लागला. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला. लोकांनी सुई फिरवली म्हणून ती आली.

आणीबाणीत तर माझे वडील खिडक्या लावून बीबीसी ऐकायचे. २६ जून १९७५ च्या सकाळी आकाशवाणीवरून इंदिराजींनी आणीबाणी सांगितली, त्यानंतर वडिलांनी दीड-पावणेदोन वर्षं आकाशवाणीच्या बातम्या लावल्या नाहीत. गाणी ऐकायचे, बातम्या लागल्या की बंद. आजही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत.

दारणाकाठ, तुमच्या आजोबांच्या मंडळात बायका होत्या का?

दारणाकाठ | मंगळवार, सकाळी ९.१५

नव्हत्या. आजी चावडीच्या मागच्या बोळात उभी राहून ऐकायची. वहीत तिचं नाव कुठेच नाही. पण खत दोनदा टाकायचा आग्रह घरात तिनेच धरला, असं आजोबांनीच सांगितलंय. प्रश्न योग्य आहे तुमचा.

सिन्नरची लेक | मंगळवार, दुपारी २.१०

शंकासुर, तुमच्या वडिलांचं पटतं. पण आमच्या आळीत वर्तमानपत्र येत नव्हतं आणि आलं असतं तरी वाचणारं कोण होतं? सरकार जे लपवत होतं ते आईपर्यंत पोचलं नाही, हे खरं. पण सरकारने तिच्यासाठी केलेला कायदासुद्धा मधल्या माणसाने लपवला होता, तो रेडिओने उघड केला. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात.

आंबोलीचा पाऊस | मंगळवार, रात्री ८.३०

सरकारी नसलेल्या रेडिओची गोष्ट सांगतो. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो बहुतेकांना माहीत असतो. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलत बदलत, ४२.३४ मीटरवर. आमच्या डोंगरातला रेडिओ मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकला.

गोवा पोर्तुगीजांकडे असताना वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त केंद्र चालवलं. आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कर्नाटकातल्या कॅसल रॉकहून. कोकणी आणि पोर्तुगीज भाषेत. कोकणीत नाव होतं 'सोडवणेचो आवाज'. पोर्तुगीज वृत्तपत्रांवर सेन्सॉर, गोव्यात सभा घेतली तर तुरुंग, अशा काळात गोव्याबाहेर जगात काय चाललंय ते लोकांना इथून कळायचं. सहा वर्षं ती दोघं रानात राहिली. साप, जळवा, आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी विमानातून लाऊडस्पीकरवर ती बातमी सांगितली.

माझ्या आजीचं माहेर डिचोलीचं. तिचा भाऊ रात्री गोधडी डोक्यावरून घेऊन, आत रेडिओ धरून ऐकायचा. उकाड्याने घामाघूम व्हायचा, पण गोधडी काढायचा नाही. बाहेर शिपाई फिरायचे. आजी दाराशी बसून तांदूळ निवडायची, म्हणजे पाखडायचं थांबवलं की आतल्याला कळावं कोणी आलंय. ती सांगायची, त्या वर्षात मी एकच सूप तांदूळ इतक्यांदा पाखडले की त्यात खडा म्हणून उरला नाही.

लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. बातमी आली तेव्हा आजी नव्हती, याची चुटपुट लागून राहिली.

ऐकणारा | बुधवार, सकाळी ६.४५

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय, पहिल्यापासून.

आम्ही दोन भाऊ. तो डोळस. लहानपणी क्रिकेटचा सामना असला की रेडिओ दोघांच्या मध्ये ठेवायचो. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन लागलं की गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय, गलीत कोण उभा आहे, चेंडू टप्पा पडून किती आत आला, हे सगळं मला दिसायचं. दिसायचं हाच शब्द वापरतो. भावाला जेवढं दिसायचं तेवढंच मला, कारण मैदान दोघांसमोरही नव्हतं. आमची भांडणं व्हायची की तो झेल सोपा होता की अवघड, आणि त्या भांडणात मी जिंकू शकायचो.

१९८५ च्या सुमारास घरात टीव्ही आला. सगळे खूश, मीही खूश होतो. पहिल्या सामन्याला मी नेहमीच्या जागी बसलो. टीव्हीवरचा समालोचक मध्येच गप्प व्हायचा. चित्र दिसतंय ना, मग सांगायचं कशाला? लोक ओरडायचे आणि मी विचारायचो, काय झालं? भाऊ सांगायचा, मग जरा उशिरा सांगायचा, मग "थांब ना" म्हणायचा. त्याचा दोष नाही, त्यालाही बघायचं होतं. मी रेडिओ घेऊन माडीवर गेलो. तिथून पुढे आम्ही सामना वेगवेगळ्या खोल्यांत ऐकला आणि बघितला.

रेडिओने आयुष्य कसं बदललं हे विचारलंत. मला ते तो घरातल्या मधल्या जागेवरून उठला त्या दिवशी कळलं.

मोगरा | बुधवार, सकाळी ७.३०

दादा, यावर काय लिहावं सुचत नाही. तुमचा भाऊ आता कुठे असतो?

ऐकणारा | बुधवार, सकाळी ७.४२

याच गावात. रविवारी येतो. आता तो मोबाईलवर रेडिओचं वर्णन लावून देतो आणि स्वतःही चित्र बंद करून ऐकतो. मी सांगितलं नव्हतं, त्यानेच एकदा सुरू केलं.

श्रीवर्धनकर | बुधवार, रात्री ९.००

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या भागात नारळ, पोफळी, कौलं, विजेचे खांब, काही राहिलं नाही. मोबाईलचे टॉवर गेले. आमच्या वाडीत वीज यायला महिना होत आला होता.

वडील जुने खलाशी. बोटीवर असताना सकाळी मच्छीमारांसाठीचं हवामान आणि बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा कितव्या नंबरचा बावटा लागलाय, या दोन गोष्टींवर त्यांचं आयुष्य चाललं. किनाऱ्यावर आल्यावरही ट्रान्झिस्टर सोडला नाही. आम्ही त्यांना म्हणायचो, बाबा, आता सगळं मोबाईलवर असतं. ते काही बोलायचे नाहीत. सेल मात्र पावसाच्या आधी आठवणीने भरून ठेवायचे.

वादळानंतर चौथ्या दिवशी आमच्या पडवीत तीसेक माणसं बसली होती. पंचनामे कधी, धान्य कुठे येणार, रस्ता कुठवर मोकळा झाला, हे त्या एका ट्रान्झिस्टरवरून कळत होतं. वडील आवाज मोठा ठेवायचे नाहीत, सेल पुरवायचे होते. बातम्यांपुरता लावायचा आणि बंद. मग ऐकलेलं ते स्वतः बाहेर जाऊन वाडीला सांगायचे. मुंबईत असलेल्या पोरांची काळजी होतीच, करोनाचे दिवस. तिकडचं काही कळलं की बायका आपसूक जवळ सरकायच्या.

त्या महिन्यानंतर आमच्या वाडीत नऊ घरांनी ट्रान्झिस्टर घेतले. मी मोजलेत.

सोल्डरगन | बुधवार, रात्री ११.१०

सिन्नरच्या ताई, माझं जळगाव जिल्ह्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. तुमचा सेट बहुतेक बरा होईल. आधी घरीच हे बघा.

सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर असेल तर सेल गळलेत. कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस घेऊन पुसा, कोरड्या फडक्याने नीट सुकवा, बारीक पॉलिश पेपर मारा. दहापैकी चार सेट एवढ्यावर बोलायला लागतात. नाही बोलला तर बँड स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो पंधरा-वीस वेळा मागेपुढे करा. सुई हलत नसेल तर आतली डायलची दोरी तुटली असेल, ती मात्र मेकॅनिककडूनच बसवून घ्या. केंद्र लावणाऱ्या गँग कंडेन्सरला घरी हात लावू नका. चार सेलचा सेट म्हणजे सहा व्होल्ट. सेलऐवजी घरच्या विजेवर चालवायला एलिमिनेटर लावायचा तर सहाचाच, आणि प्लस-मायनस बघून.

आणखी एक. चालू झाल्यावर नुसती घरघर आली तर सेटला दोष देऊ नका. घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद करून बघा, मीडियम वेव्हवर ती घरघर त्यांचीच असते. आणि सेट जागेवर गोल फिरवून बघा. आत फेराइटची कांडी असते, तिला दिशा लागते.

माणसं रेडिओ कसा ऐकतात ते मला सेट उघडल्यावर कळतं. शिंप्याचा किंवा किराणावाल्याचा सेट आला की व्हॉल्यूमचं बटण झिजून खरखरतं आणि सुई नव्यासारखी कडक. वर्षानुवर्षं एकच केंद्र, गिऱ्हाईक आलं की आवाज कमी, गेलं की मोठा. होस्टेलच्या पोरांच्या सेटची दोरी तुटलेली असायची, दिवसभर इकडून तिकडे. रात्रपाळीच्या वॉचमनचा इअरफोनचा खड्डा सैल. एकदा एका घरातून सेट आला, सगळं ठीक, फक्त मागच्या झाकणाचे स्क्रू पार झिजलेले. विचारलं तर कळलं, घरातली पोरं आतली माणसं बघायला रोज उघडायची.

पार्सल करून पाठवलात तरी चालेल. मजुरी घेणार नाही. तुमच्या आईंनी तीन महिने तोच प्रश्न विचारला, ते वाचून माझ्या आईची आठवण झाली. तीही विड्याच वळायची.

वाळूतली जुई | गुरुवार, पहाटे ५.५५

शारजाहून. आमचं घड्याळ दीड तास मागे. अ‍ॅपवर सकाळच्या मराठी बातम्या लागतात तेव्हा इथे बाहेर अंधार असतो आणि मी डबे भरत असते. तिकडचं धरण किती भरलं, घाटात दरड कोसळली का, एवढंच ऐकायचं असतं. मुलीला मराठी वाचता येत नाही, पण "पाणीसाठा" आणि "विसर्ग" हे शब्द तिने मला विचारले. आमच्या घरी ते दुसरं कोणी बोलत नाही, रेडिओवरूनच आले.

चारा छावणी | गुरुवार, सकाळी १०.३०

म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ एफएम, २००८ पासून. आमच्या भागातल्या बायका तिथे स्वतः बोलतात, गातात. माझ्या चुलत्याकडे मेंढरं. काकी कधी शाळेत गेली नाही. तिच्या जात्यावरच्या ओव्या तिथे रेकॉर्ड झाल्या आणि एका दुपारी लागल्या. काका मेंढरांमागे होता, मोबाईलला रेडिओ लावलेला. त्याने ओळखलं नाही! शेजारच्या मेंढक्याला म्हणाला, कोण बाई हाय, बरी गाती. तिसऱ्या ओवीत आमच्या वस्तीचं नाव आलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

आता पाहुणे आले की तो स्वतः काकीला म्हणतो, ती रेडिओवरली म्हण. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला गायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

शंकासुर | गुरुवार, दुपारी १२.४०

चारा छावणी, हे मला हवं होतं. रेडिओ ज्याच्या हातात, आवाज त्याचा. २००६ नंतर संस्थांना असे छोटे रेडिओ काढायची परवानगी मिळाली, पण ऐकू येण्याचा पल्ला लहान आणि पैशांची कायमची ओढाताण. आपल्यापैकी ज्यांच्या गावाजवळ असं केंद्र आहे त्यांनी तिथे जाऊन एकदा तरी बोलावं, अशी कळकळीची विनंती.

सिन्नरची लेक | रविवार, सकाळी ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. सोल्डरगन दादा, पार्सलची गरज पडली नाही. सेल गळलेलेच होते. काल रात्री मी आणि माझी मुलगी लिंबू आणि कापूस घेऊन बसलो. एक स्प्रिंग तुटायला आली होती, ती तुम्ही म्हणालात तशी पॉलिश पेपरने घासून हळूच वाकवून बसवली. नवे सेल घातले. नुसतीच घरघर. मुलीने उठून चार्जर काढला, मी दिवा बंद केला आणि अंधारात रेडिओ गोल फिरवत राहिले. खिडकीकडे तोंड केल्यावर लागलं.

आईने पूर्ण वेळ काही म्हटलं नाही. धाग्यातल्या सगळ्या पोस्ट तिला वाचून दाखवल्या होत्या. आंबोलीच्या आजींचं पाखडणं तिला फार आवडलं. "बाई हुशार होती," म्हणाली. आणि ऐकणारा दादा, तुमच्यासाठी निरोप आहे: भावाला रविवारी जेवायला ठेवून घेत जा.

आज पहाटे उठले तेव्हा रेडिओ तिच्या उशाशी, बारीक आवाजात चालू होता. थोड्या वेळाने बातम्या लागल्या. ती भिंतीला धरून उठली, माझ्या मुलीच्या खोलीत गेली आणि तिचं पांघरूण ओढलं. रविवार होता. तरी मुलगी उठून बसली.